पन्हळ मोजायची राहिली

एक कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी समजायला नको. मी पत्रा नारळासारखा वाजवून विकत घेतला होता. बोटांची पेरं वळवून, कान जवळ नेऊन, डोळे अर्धे मिटून, आमच्या श्रीवर्धनच्या बाजारात बायका नारळ निवडतात अगदी तसा. टण वाजला तो बाजूला ठेवा, ठक वाजला तो द्या. आणि ज्या यंत्रात तो पत्रा घालायचा होता, ते यंत्र मी पसंत केलं होतं गुबगुबीत दिसलं म्हणून. वय अठरा, बारावी सायन्स पहिल्या वर्गात पास, दोन वेण्या, आणि डोक्यात इतकी हवा की पायात वहाणा होत्या म्हणूनच जमिनीवर टेकून होते.

ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. माझी नात सई आता कारखाना बघते. तिची यंत्रं न्हावा शेव्याच्या बंदरात पेटीतून उतरतात, आणि यंत्रं निघण्याआधी सई परदेशातल्या माणसांशी मोबाइलवर समोरासमोर बोलून, चित्रं पाठवून, त्यांना रडकुंडीला आणून सोडते. मला ते बघताना फार बरं वाटतं. पण शेडच्या कोपऱ्यात आमचं पहिलं यंत्र अजून उभं आहे, आणि त्याच्या डाव्या पायाखाली एक काळं पडलेलं लाकूड ठोकलेलं आहे. परवा सई म्हणाली, "आजी, ते लाकूड काढून तिथे रबराची गादी बसवते, आवाज कमी होईल." मी म्हटलं, "हात तर लावून बघ, जेवायला वाढणार नाही." ती हसली, पण माझं तोंड बघून तिथून बाजूला झाली. तिला कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि समोर बसून सांगितलं तर ती मध्ये मध्ये हसेल. म्हणून लिहिते आहे.

आमच्या घराची मागची भिंत हीच कारखान्याची पुढची भिंत. कारखाना हा शब्द आमचा, बाकीचे 'पत्रेवाल्याची शेड' म्हणत. माझे वडील, अण्णा, तिथे बादल्या, डबे, ट्रंका आणि पावसाळ्याच्या आधी पन्हळी बनवत. कौलांवरून येणारं पाणी झेलायला वळचणीला जी लांब, वरून उघडी नळी लावतात ती पन्हळ. त्याआधी गावात पोफळीची, म्हणजे सुपारीच्या खोडाची पन्हळ असायची. वाडीतली पडलेली पोफळ मधोमध चिरायची, आतला गर काढायचा, झाली पन्हळ. दोनतीन पावसाळे टिकायची आणि मग कुजायची. अण्णांनी त्याच आकाराची पत्र्याची पन्हळ आणली. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा त्यांच्याकडे कुठून आला होता देव जाणे. त्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकत ठोकत ते त्याला गोल करायचे. एका वेळी दोन हात लांबीचा तुकडा. मग असे तुकडे एकाला एक डाख लावून, म्हणजे शिसं-कथील वितळवून, जोडायचे. त्यांची मोगरी चिंचेची होती, मूठ त्यांच्या हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली, आणि तिला दसऱ्याला आमच्याआधी गंध लागायचं.

आईविना त्या घरात सकाळी मला दोन आवाज उठवायचे. भिंतीपलीकडे मोगरी, भिंतीअलीकडे माझ्या आत्याच्या हातांखालची तांदळाची भाकरी. ठक ठक आणि थप थप. आत्या लग्नानंतर वर्षभरात परत आली होती, आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि वाढवताना जे जे बोलायचं राहिलं ते ती नंतर आयुष्यभर बोलत राहिली. डाख तापवायच्या शेगडीत अण्णा मे महिन्यात फणसाच्या आठळ्या खुपसून ठेवायचे. त्या फुटल्या की फट असा आवाज यायचा आणि मी भिंतीला वळसा घालून पळायचे. राखेतून काढलेली, बोटं भाजणारी, किंचित डाखाचा वास लागलेली आठळी! सई म्हणते ते विष होतं. असेल. मी अजून आहे.

वर्षानुवर्षं पत्र्यावर ठोकून अण्णांचे कान गेले होते. त्यामुळे आमच्या घरात कुजबूज नव्हतीच. "अण्णा, आज वालाचं बिरडं केलंय" हे वाक्य त्यांच्याआधी अख्ख्या पाखाडीला, म्हणजे आमच्या आळीला कळायचं आणि वासाच्या आधी शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. अण्णा मात्र कमी बोलत. त्यांना जे कळायचं ते हातातून. डब्यावर तळवा ठेवून "इथे सुटलाय" म्हणायचे, आणि पाणी भरलं की तिथूनच थेंब यायचा. पण मी बारावी झाले त्या वर्षी त्यांच्या उजव्या कोपराने संप पुकारला. मोगरी उचलली की हात थरथरायचा. दोन हातांच्या तुकड्याला सकाळची दुपार होऊ लागली.

नेमक्या त्याच साली मशिदीच्या जमातीने पन्हळ सांगितली. मशिदीची कौलारू पडवी लांबलचक, आणि त्या पाण्याने नमाजाआधी हातपाय धुवायचा, वजूचा हौद भरायचा होता. निरोप घेऊन आले इस्माईलचाचा. उंच, वाकलेले, कायम इस्त्रीचा सदरा. बरीच वर्षं ते आखातात होते. तिकडे ते काय करत होते हे आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिकडून काय आणलं एवढंच विचारायचो. ते अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाले, "अण्णा, सांधा नको. दर पावसाळ्यात सांध्यातून गळतं. एकसंध मिळाली तर बघा. पाऊस लागायच्या आत." अण्णांनी हो म्हटलं. अण्णांचा हो म्हणजे हो. पण हाताने एकसंध पन्हळ होणार नाही हे त्यांना माहीत होतं, चाचांनाही माहीत होतं, आणि मला तर, बारावी सायन्स असल्यामुळे, सगळंच माहीत होतं.

मी म्हटलं, यंत्र आणू. रोलरचं यंत्र असतं, मी पुस्तकात वाचलं होतं. सपाट पट्टी एका बाजूने घालायची, रोलरच्या जोड्यांमधून ती पुढे सरकते, प्रत्येक जोडी तिला थोडं थोडं वळवते, आणि दुसऱ्या बाजूने तयार आकार बाहेर. पाहिजे तेवढा लांब, एक सांधा नाही. अण्णांनी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी कपाटातून धोतर काढलं आणि आम्ही दोघं पनवेलला गेलो.

तिथे एका आवारात दुकानांच्या शटरच्या पट्ट्या बनवणारी जुनी यंत्रं विकायला ठेवलेली होती. दोन होती. एक लांब, काटकुळं, चौदा जोड्यांचं, रंग उडालेलं, उपाशी बैलासारखं फासळ्या दिसणारं. दुसरं आखूड, जाडजूड, आठ जोड्यांचं, हिरव्या रंगाचं. मी पिशवीतून टेप काढला. आता हे नीट ऐका, कारण माझ्या मूर्खपणाचा गाभा इथे आहे. मी घरून शेडचं दार मोजून आणलं होतं. शेडची लांबी मोजून आणली होती. मोटरची जागा मोजून आणली होती. विकणाऱ्याच्या समोर मी हिरवं यंत्र मोजलं आणि ते शेडमध्ये भिंतीपासून वीतभर जागा सोडून असं काही बसत होतं की मला माझाच अभिमान वाटला. दार मोजलं, भिंत मोजली, यंत्र मोजलं. पन्हळ मोजायची राहिली. किती रुंद, किती खोल, किती जाड पत्र्याची, यातलं काहीही मी ठरवलेलं नव्हतं. पोफळीसारखी करायची, त्यात मोजायचं काय?

अण्णांनी यंत्रावर तळवा फिरवला आणि विचारलं, "यातून पन्हळ निघेल?" विकणारा म्हणाला, "सगळं निघतं यातून, बाबा. फक्त रोलर बदलायचे." मी ते अण्णांच्या कानात ओरडले, "सगळं निघतं!" हे माझं वाक्य नव्हतं, पण मी ते माझ्या आवाजात म्हटलं. अण्णांनी माझ्या आवाजावर विश्वास ठेवला. परत येताना मी पत्र्याचं भेंडोळं घेतलं, तेच ते, वाजवून. आमच्याकडे खारा वारा, पातळ पत्रा सडतो, म्हणून जितका जाड तितका चांगला, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही पाठ असतं. दुकानात होता त्यातला सगळ्यात जाड मी उचलला.

रोलर महाडच्या लेथवाल्याने बनवून दिले, माझ्या चित्राबरहुकूम. चित्र म्हणजे मी वाडीतल्या जुन्या पोफळीच्या पन्हळीत कागद दाबून आकार उतरवला होता. अर्धगोल, खोल. खाली "प्रमाणबद्ध" असा शब्दही लिहिला होता. लेथवाला ते वाचून माझ्याकडे बघत राहिला. त्याला बिचाऱ्याला माझी विद्वत्ता झेपली नसेल, असं मला वाटलं.

यंत्र आलं त्या दिवशी पाखाडी लोटली. आत्याने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आंबोळ्यांची चवड आणि काळ्या वाटाण्याची उसळ करून ठेवली होती. इस्माईलचाचाही आले. ते यंत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, ओठांत काहीतरी मोजत. मग मला म्हणाले, "बाय, पन्हळ केवढी काढणार?"

"हवी तेवढी," मी म्हटलं.

"पत्रा?"

"सगळ्यात जाड."

"अच्छा," चाचा म्हणाले, आणि मागे जाऊन उभे राहिले.

आणि मग मी ते केलं ज्याची लाज मला आठ जोड्यांच्या यंत्रापेक्षा जास्त वाटते. म्हसळ्याहून माझा चुलतभाऊ वासू आला होता. तोही पत्र्याचंच काम करायचा. मी सगळ्यांसमोर अण्णांची मोगरी उचलली आणि वासूच्या हातात दिली. "घेऊन जा, दादा. अण्णांना आता ठोकायची गरज नाही." लोक कौतुकाने हसले. अण्णांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यांनी वासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. रुळाचा तुकडाही वासूच्या टेम्पोत चढला.

बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं, पट्टी आत गेली. पहिल्या तीन जोड्या ठीक. चौथ्या जोडीला मोटर कण्हायला लागली. पाचवीला एक करकर अशी निघाली की पोफळींवरचे कावळे उडाले. आणि आठव्या जोडीतून जे बाहेर आलं ते मी आजही डोळे मिटले की बघू शकते. पिळवटलेलं, एका कुशीवर वळलेलं, दोन्ही कडांना भरतीच्या लाटा. खाली जमिनीवर चंदेरी भुकटी पडत होती. जाड पत्रा अरुंद फटीतून ओढला जात होता आणि वरचं जस्त खरवडून निघत होतं. आत्या पदर खोचून पुढे आली.

"ही पन्हळ हाय का मेलेल्या सुरमईचं शेपूट?"

"आत्या, पहिलाच तुकडा आहे."

"व्हय गो, शेपटापासनं सुरुवात केलीस. डोकं मागनं येत असंल."

इस्माईलचाचांनी पुढे होऊन त्या वाकड्या तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, टोपी नीट केली, आंबोळी न खाता निघून गेले. मला त्यांचा राग आला. खरं तर मला सगळ्यांचाच राग आला, विकणाऱ्याचा, लेथवाल्याचा, मोटरचा. पुढचे आठ दिवस मी स्क्रू पिळत होते. कधी फट सैल, कधी घट्ट. सैल केली की पन्हळ वळायची नाही, घट्ट केली की जस्त सोलायचं. तो पहिला तुकडा आवारात पडून होता. समुद्रावरून वारा सुटला होता, आणि जिथे जिथे जस्त गेलं होतं तिथे तिथे आठवड्याभरात लालभडक गंज चढला. सगळ्यात जाड पत्रा, आणि गावात सगळ्यात आधी गंजलेला.

त्या आठ दिवसांत अण्णा शेडमध्ये फिरकले नाहीत. रागावलेही नाहीत. ते मागच्या पायरीवर बसून राहायचे, पोफळींकडे बघत. एका दुपारी मी त्यांना पेज द्यायला गेले, तर त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता. उचलायचा, पडायचा. उचलायचा, पडायचा. ते ठोकत होते. हातात काही नव्हतं. पेजेची वाटी त्यांच्याजवळ ठेवून मी शेडमध्ये जाऊन भेंडोळ्यामागे बसले आणि रडले. आता सांगायला काय, खूप रडले. मशिदीची पन्हळ गेली तर गेली. पण पन्हळ झाली नाही तर शेड बंद होणार, यंत्र भंगारात जाणार आणि हा माणूस उरलेलं आयुष्य असाच मांडीवर ठोकत बसणार, आणि त्याची मोगरी मी माझ्या हाताने काढून दिलेली, हे मला पहिल्यांदा नीट दिसलं.

मग मी चाचांकडे गेले. त्यांच्या ओटीवर बसले आणि खाली मान घालून म्हटलं, "चाचा, मला काही येत नाही." एवढं एक खरं वाक्य मी त्या सबंध महिन्यात बोलले असेन. चाचीने आतून सांदणाची बशी आणून माझ्यापुढे ठेवली. चाचा म्हणाले, "आधी खा. रिकाम्या पोटी दिमाग चालत नाय." सांदणं मऊ होती, गूळ आणि नारळाच्या रसाची, मी सहा खाल्ली, दुःखात असूनही.

"तिकडे मी काय करायचो ठाऊक हाय?" चाचा म्हणाले. "हेच. गोदामाचे पत्रे. असल्याच मशीनवर, पण वीस जोड्यांच्या. चौदा वर्षं."

मी सांदण हातात तसंच धरून बसले. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे, बाय? मी विचारलं, तू सांगितलंस, हवी तेवढी." ते हसले. "आता सांग. मशीन सोड. पत्रा सोड. तुला वस्तू काय पाहिजे?"

"पन्हळ."

"कसली?"

"पोफळीसारखी. गोल."

"पोफळ गोल असते म्हणून तिची पन्हळ गोल. पाऊस कुठे गोल पडतो? त्याला काय पाहिजे ते बघून ये. मग आपण मशीनला विचारू, तुला हे जमंल काय."

पाऊस नसताना पावसाला काय पाहिजे ते कसं बघायचं, या विचारात मी घरी आले. आत्या मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिला चाचांचं बोलणं सांगितलं. तिने राखेच्या हाताने जमिनीकडे बोट दाखवलं. "डोळे हायत ना कपाळाखाली? हे बघ की."

वळचणीखाली, भिंतीला समांतर, मातीत खळग्यांच्या दोन रांगा होत्या. वर्षानुवर्षं पागोळ्या पडून झालेल्या. मी त्यांच्यावरून रोज उड्या मारत होते. "हलका पाऊस असला का पाणी या आतल्या रांगेत पडतं," आत्या म्हणाली, "आणि धो धो लागला का कौलावरनं उडी मारून या भायेरच्या रांगेत. म्हणून तर मी हंडा कधी इथं ठेवते, कधी तिथं. तुझ्या बापाच्या पन्हळीत धो धो पावसाचं पाणी जातं कुठं? वरनं उडून जातं. आजवर कुणी मला विचारलं न्हाय."

मी टेप आणला. दोन रांगांमधलं अंतर एक वीत आणि दोन बोटं. मशिदीच्या पडवीबाहेर चाचांसोबत जाऊन बघितलं. तिथे फरशीवर वाळलेल्या शेवाळाच्या दोन रेघा, अंतर जवळपास तेवढंच. पोफळीच्या पन्हळीचं तोंड त्याच्या निम्मंही नव्हतं. म्हणजे पावसाला खोल पन्हळ नकोच होती. त्याला रुंद आणि उथळ हवी होती. परातीसारखी, कडा तेवढ्या आत वळलेल्या.

चाचांनी खडूने यंत्राच्या जोड्यांवर आकडे घातले आणि मला समजावलं. खोल वळण काढायचं तर पट्टीच्या कडांना मधल्या भागापेक्षा लांबची वाट चालावी लागते. घाई केली की त्या ताणतात, मग त्यांना लाटा येतात. खोल पन्हळीला चौदा जोड्या लागल्या असत्या, तेच ते उपाशी बैलासारखं यंत्र. उथळ पन्हळ मात्र आठ जोड्यांत निघू शकते. आत्या दारात उभी राहून ऐकत होती. "माझी भाकरीसुद्धा आठ थापांत होत न्हाय," ती म्हणाली, "एकदम वाढवली का कड फाटते. हे लोखंडाला ठाऊक, मला ठाऊक, बारावीत शिकवत न्हायत वाटतं." आणि पत्रा? चाचा म्हणाले, या यंत्राचे दांडे पातळ पट्टीसाठी घडवलेले आहेत. पत्रा त्यांच्या जोग्या जाडीचाच घ्यायचा. खाऱ्या वाऱ्याशी लढतं ते जस्त, जाडी नव्हे. जस्त शाबूत राहिलं तर पातळही टिकेल. मी माझ्या बोटांच्या पेरांकडे बघितलं. त्यांनी इतक्या आत्मविश्वासाने ठक ऐकलं होतं.

महाडच्या लेथवाल्याने तेच रोलर पुन्हा चढवून उथळ आकाराला उतरवून दिले. या वेळी चित्राखाली मी कोणताही शब्द लिहिला नाही. भेंडोळंही बदलून आणलं; दुकानदाराने "पत्रा वाजवून बघणार का, ताई?" असं विचारलं, ते मी गिळलं.

राहिली फट. प्रत्येक जोडीतली फट पत्र्याच्या जाडीशी जुळवायची. चाचा डाखाची तार दोन रोलरमधून सरकवायचे आणि ती किती चेपली ते बघायचे. सात जोड्या जुळल्या, तरी पन्हळीवर कुठेतरी एक बारीक ओरखडा येतच होता. कुठून, ते आम्हाला सापडेना. कानाला सगळं यंत्र सारखंच घुमत होतं. तेव्हा पायरीवरून अण्णा उठून आत आले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी चालत्या यंत्राच्या चौकटीवर तळवा ठेवला, पहिल्या जोडीशी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सावकाश, आंधळ्या माणसाने ओळखीचा चेहरा चाचपावा तसे. पाचव्या जोडीशी थांबले.

"ही चावतेय," ते म्हणाले. कानांनी बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, पाखाडीला ऐकू जाईल असं. "डावीकडून. थोडी सोड."

मी पाचव्या जोडीचा डावा स्क्रू पाव फेरा सोडला. त्यांनी मान हलवली. अजून थोडा. हात वर केला. बस.

आणि आठव्या जोडीतून पन्हळ आली. सरळ. कडा अशा गुळगुळीत की हात लावून बघायला आत्याने दारातच पदराला हात पुसले. येतच राहिली, शेडच्या दारातून बाहेर, अंगणातून पुढे, पोफळींच्या ओळीत शिरली, आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर चालत गेलो, नवरीला पोचवायला निघाल्यासारखे. एक सांधा नाही, एक ओरखडा नाही. चाचा म्हणाले, "माशाल्ला." आत्या काहीच बोलली नाही. माझ्या आयुष्यात एवढं मोठं कौतुक तिने माझं दुसऱ्यांदा केलं नाही.

मशिदीवर पन्हळ चढवली त्या दिवशी जमातीच्या चार माणसांनी कौलांवर चढून कळशांनी पाणी ओतलं. आधी हळू. मग चाचा खालून ओरडले, "अरे, पाऊस हाय का वजू करताय? ओता!" आणि वरच्या चौघांनी एकदम चार कळशा पालथ्या केल्या. मी खाली शेवाळाच्या बाहेरच्या रेघेवर मुद्दाम उभी होते, नवी साडी नेसून. पाणी कौलांवरून धावलं, उडी मारली, आणि पन्हळीत पडलं. साडीवर थेंबही आला नाही. हौदात पाणी पडायचा आवाज आला तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलं, कारण त्यांना तो ऐकू आला नव्हता आणि तो आला का हे त्यांना माझ्या तोंडावरून बघायचं होतं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही. ते हसले.

त्यानंतर काशीदपासून खालपर्यंत किती वळचणींना आमची पन्हळ लागली ते मी मोजलेलं नाही, पण किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना मी अजून मान वर करूनच जाते. सई म्हणते, आजी, पडशील. पडू दे. ज्याने आपलं काम दुसऱ्याच्या छपराला लटकताना बघितलंय त्याला ही सवय सुटत नाही. कुणी नवं यंत्र घ्यायचं म्हणून सल्ला विचारायला आलं की मी आधी विचारते, पाणी पडतं कुठे ते बघितलंस का? ते सईकडे बघतात, म्हातारी भ्रमिष्ट झाली का म्हणून. सई त्यांना टेप देते.

एक काम मात्र बाकी होतं. मशिदीची पन्हळ लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच म्हसळ्याला वासूदादाकडे गेले. मोगरी त्याने वापरली नव्हती. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी लावून ठेवली होती. मी ती मागितली. वाटभर मांडीवर धरून आणली, एखादं मूल आजोळाहून परत आणावं तशी, आणि मनात एक छोटंसं भाषणही तयार केलं, त्यात "क्षमा" हा शब्द दोनदा होता. शेडमध्ये यंत्र चालू होतं. अण्णा चौकटीवर तळवा ठेवून उभे होते. मी त्यांच्यासमोर मोगरी धरली. त्यांनी ती घेतली, मुठीवरून अंगठा फिरवला, वजन जोखलं, दोनदा हवेत उचलून बघितली. आत्या दारात थांबली होती, तिने पदर तोंडाला लावला. मी भाषण करायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी मोगरी माझ्या हातात परत दिली, यंत्राच्या पायाकडे बोट दाखवलं, आणि सगळ्या पाखाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"पाचवी आता चावत नाही. पण हा डावा पाय हलतोय, मला हाताला कळतंय. ही त्याखाली ठोक. चिंचेची आहे, तुझ्या जन्माला पुरेल."